पिकअपवर भंगारातलं जुनं कॅरिअर बसवायचंय? पैसे कुठं वाचतात आणि कुठं वाचवू नयेत

मुंबईत पद्मिनी टॅक्सीत बसलेल्या माणसाला तिच्या डोक्यावरचं लोखंडी कॅरिअर आठवत असेलच. वळकटी, ट्रंक, आंब्याच्या पेट्या, लग्नाचं कपाट, सगळं त्याच्यावर गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीचं आयुष्य २० वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. गाड्या तुटल्या, पण कॅरिअरं लगेच वितळत नाहीत. पद्मिनीची, अँबॅसेडरची, ओम्नीची, सुमो आणि ट्रॅक्सची जुनी कॅरिअरं आजही भंगारवाल्यांकडे भिंतीला टेकवून ठेवलेली दिसतात.

दुसरीकडे पिकअपवाला असतो. मंडपाचे बांबू, प्लंबिंगचे पाइप, शिडी, रिकामे क्रेट असला माल वजनाला हलका असतो, पण जागा खातो. हौदा भरतो आणि गाडी मात्र अर्ध्या वजनावर पळते. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘अरे, भंगारातून एक कॅरिअर उचल, वेल्डिंगवाल्याकडून ठोकून घे, झालं काम.’

कॅरिअर उचलणं सोपं आहे. ‘ठोकून घे’ म्हणण्यात मात्र बरंच काही दडलेलं आहे. कारण ते सुटलं तर पिकअपवाल्याचं पाइपचं नुकसान होतं, पण मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जाऊ शकतो.

जुनं कॅरिअर आपल्या गाडीला जसंच्या तसं का बसत नाही?

जुन्या गाड्यांच्या छताला दोन्ही बाजूंनी पत्र्याची एक पन्हळ असायची. पावसाचं पाणी दारावर न येता त्यातून मागं-पुढं वाहून जावं, हा तिचा मूळ उद्देश. गॅरेजात तिला सरळ ‘गटर’ म्हणतात. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथं एकमेकांवर दाबून जोडलेला असतो तिथंच ही पन्हळ असल्यामुळे ती छताच्या मधल्या भागापेक्षा बरीच मजबूत असते. जुनी कॅरिअरं याच पन्हळीत पाय ठेवून, खालून आकडा अडकवून, नटाने आवळलेली असायची. छताला एकही भोक नाही.

नंतरच्या बहुतेक गाड्यांना ही पन्हळ बाहेरून राहिली नाही. तिथं जुन्या कॅरिअरचे पाय टेकतात थेट छताच्या पत्र्यावर, आणि हा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. हाताने दाबला तरी आत जातो. त्यामुळे तुमच्या पिकअपच्या केबिनला दाराच्या वरच्या बाजूला पन्हळ आहे का, हे बाजारात जायच्या आधी बघा. बोटाने चाचपून कळतं. असेल तर तिच्यात गंज किती आहे तेही बघा. पन्हळीत पाणी आणि माती साचून ती आतून कुजलेली असते आणि वरचा रंग तेवढा शाबूत असतो, असं जुन्या गाडीत हमखास सापडतं.

पन्हळ असली तरी केबिनवर वजन बेतानेच. मोटारींच्या माहितीपुस्तकात छतावरच्या वजनाची मर्यादा साधारण ५० ते १०० किलोच्या आत दिलेली असते आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं असतं. वीस-पंचवीस किलोचं लोखंडी कॅरिअर बसवलं की पन्नासची मर्यादा निम्मी तिथंच संपली.

केबिन आणि हौदा या दोन वेगळ्या वस्तू आहेत

पिकअपवर कॅरिअर बसवताना सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

सुमोचं कॅरिअर लांब असतं. सिंगल केबिनच्या पिकअपचं छत आखूड. मग वेल्डर सुचवतो की पुढचे पाय केबिनवर टेकवू आणि मागचे हौद्याच्या पुढच्या जाळीवर. दिसायला झकास, लांबीही पुरते.

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत खाली एक शिडीसारखी चेसिस असते. तिच्यावर पुढं केबिन रबरी बुशवर बसवलेली असते आणि मागं हौदा वेगळा बोल्ट केलेला असतो. दोघांच्या मध्ये मुद्दाम फट सोडलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की चेसिस थोडी पिळवटते, केबिन एकीकडे झुकते, हौदा दुसरीकडे. ही फट त्या हालचालीसाठीच आहे. कच्च्या रस्त्यावर पिकअपच्या मागे चालत कधी बघा, केबिन आणि हौदा एकमेकांना मानेने नकार दिल्यासारखे हलत असतात.

या दोघांना वरून एका कडक लोखंडी चौकटीने जोडलं की तो सगळा पीळ त्या चौकटीवर आणि तिच्या पायांवर येतो. मग कुणीतरी हरतं. कधी वेल्डिंग तडकतं, कधी केबिनचा पत्रा पायाशी फाटतो आणि पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या मांडीवर पाणी गळतं. म्हणून कॅरिअर एक तर पूर्ण केबिनवर किंवा पूर्ण हौद्यावर. दोन्हीवर पाय ठेवून चालत नाही.

माझं मत विचाराल तर पिकअपसाठी हौद्यावरच. केबिनवर फारतर स्टेपनीची दोरी, ताडपत्री, रिकामे क्रेट असलं किरकोळ सामान. लांब पाइप, बांबू आणि शिडीसाठी हौद्यावर चार खांबांची चौकट उभी करायची आणि भंगारातलं कॅरिअर तिच्यावर ठेवायचं. याचा एक फायदा असा की पन्हळ, छताचा आकार, गाडीचं मॉडेल यांचा प्रश्नच उरत नाही. कुठल्याही गाडीचं कॅरिअर चालतं, कारण पाय आपण नव्याने बनवणार असतो.

भंगारात काय बघायचं

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर एखादा गाड्या तोडणारा. माल सगळीकडे मिळतो. जाताना सोबत मोजपट्टी, छोटी हातोडी, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि लोहचुंबक घ्या.

चुंबक कशाला? चिकटलं नाही तर ते अॅल्युमिनियम किंवा काही जातीचं स्टेनलेस आहे. वस्तू चांगली असते, पण गल्लीतला साधा वेल्डर ती लोखंडाला जोडू शकणार नाही. अशा वेळी नट-बोल्टचाच मार्ग.

लोखंडी कॅरिअर असेल तर हातोडीने प्रत्येक पाइपवर हलकेच ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो. आतून खाल्लेला पाइप बद्द वाजतो. कॅरिअरच्या पोकळ पाइपात पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाचा फुगा दिसला की त्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं तर ते कॅरिअर फक्त वजनाच्या भावाने घेण्यासारखं आहे, बसवण्यासारखं नाही. सगळ्यात जास्त लक्ष कोपऱ्यांवर आणि पायांजवळच्या जोडांवर द्या. केसासारखी बारीक भेग रंगाखाली लपते, म्हणून तिथला रंग जरा खरवडूनच बघा. आणि ताज्या रंगाचं चकाचक कॅरिअर दिसलं तर खूश होऊ नका. भंगारवाला उगाच रंगाचा खर्च करत नाही.

भाव ठरवताना वजनाचा हिशेब डोक्यात असू द्या. एक इंची गोल पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला साधारण ९४० ग्रॅम भरतो. कॅरिअरमध्ये असा २० मीटर पाइप असेल तर १९ किलो. त्या दिवशीच्या भंगार लोखंडाच्या भावाने गुणलं की विकणाऱ्याला ते कितीला पडलंय याचा अंदाज येतो. वापरण्याजोगी वस्तू म्हणून तो त्याच्या वर मागणारच, आणि ते रास्तही आहे. पण नवीन पाइप आणून बनवायच्या खर्चाच्या निम्म्याच्या वर किंमत गेली तर नवीनच बनवा. जुन्यावर घासणं, रंगवणं आणि पाय बदलणं हा खर्च वेगळा होतोच.

पावती मात्र घ्या. साध्या कागदावरची चालेल, पण दुकानाचं नाव आणि तारीख हवी. चोरीचा माल विकत घेणं हाही गुन्हा आहे आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात हा प्रश्न अगदीच काल्पनिक नाही.

चौकट उभी करताना

हौद्याचे बाजूचे फाळके खाली पडणारे असतात. खांब त्यांच्यावर कधीही उभे करू नका. ऐकायला हे वेडेपणाचं वाटेल, पण फाळक्यावर अँगल बोल्ट करून दोन कड्यांच्या भरवशावर शिडी नेणाऱ्या गाड्या दिसतात. खांब हवेत हौद्याच्या चार कोपऱ्यांच्या पक्क्या खांबांना किंवा हौद्याच्या तळातल्या आडव्या चॅनेलला धरून. मागचे दोन खांब अशा जागी हवेत की मागचा फाळका पूर्ण उघडेल. हे आधी पुठ्ठ्याचा किंवा बांबूचा तुकडा धरून तपासा. लोखंड कापल्यावर लक्षात आलं तर उपयोग नाही.

माल म्हणून ४० बाय ४० चा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल किंवा त्याच मापाचा २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. अँगल मीटरला ३ किलो भरतो, चौकोनी पाइप साधारण २.४ किलो. चार खांब, दोन आडवे आणि तिरके आधार मिळून ११ मीटर माल धरला तर अँगलची चौकट ३३ किलोची आणि पाइपची २६ किलोची होते. त्यावर कॅरिअरचे वीस. पाइप हलका आणि पिळाला जास्त दाद न देणारा, पण टोकं बंद करावी लागतात आणि तळाला पाणी जायला बारीक भोक ठेवावं लागतं. अँगल सगळीकडून दिसतो, गंज लपत नाही, बोल्ट मारायलाही सोपा. कोकणात किंवा समुद्रकाठी गाडी चालवणाऱ्याने अँगल घ्यावा.

आता तिरक्या आधारांबद्दल. चार खांब आणि वर चौकट, एवढ्याने काम होतं असं वाटतं, कारण उभ्या गाडीत ते हलत नाही. पण रिकामा खोका दोन्ही बाजूंनी उघडा असला की कसा तिरका कोसळतो, तसंच चौकोनी चौकटीचं होतं. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की वरच्या मालाच्या वजनाच्या साधारण पाऊण पट जोर पुढच्या दिशेला येतो. ६० किलोचे पाइप असतील तर ४५ किलोचा धक्का, तोही चार-साडेचार फूट उंचीवर. खांबांच्या तळाचं वेल्डिंग हा धक्का रोज पन्नास वेळा सोसतं आणि एके दिवशी सुटतं. प्रत्येक बाजूला खांबापासून वरच्या पट्टीपर्यंत एक तिरका तुकडा लावला की त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण मोडल्याशिवाय वाकत नाही. हे चार तुकडे वाचवून जेमतेम एका जेवणाचे पैसे वाचतात.

टकरीत जोर किती वाढतो हेही एकदा डोळ्यांसमोर आणा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर वरच्या प्रत्येक किलोला सरासरी १६ किलोचा धक्का बसतो. तेच ६० किलोचे पाइप जवळपास एक टनाच्या जोराने पुढं जायला बघतात. पुढं केबिनची मागची काच असते. म्हणून कॅरिअरची पुढची बाजू उघडी न ठेवता दोन आडव्या पट्ट्या आणि जाळीने बंद करा.

वेल्डिंग गाडीवर नको

सगळं जोडकाम गाडीपासून लांब, जमिनीवर करा आणि तयार चौकट गाडीवर बोल्टने बसवा. गाडीवरच वेल्डिंग केलं तर ठिणग्या ताडपत्रीवर, वायरिंगवर आणि डिझेलच्या टाकीजवळ जातात, शिवाय करंट उलट्या वाटेने इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरू शकतो. अगदीच एखादा टाका मारावा लागला तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. गाडी सीएनजीवर असेल तर तेवढंही नको. चेसिसला तर वेल्डिंगही नको आणि भोकही नको.

भंगारातलं कॅरिअर जीआय पाइपचं असेल, म्हणजे वर जस्ताचा राखाडी थर असेल, तर वेल्डिंगच्या जागेवरचा तो थर ग्राइंडरने आधी काढून घ्या आणि काम उघड्यावर करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की त्या रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जुन्या वेल्डरना हे माहीत असतं, नवख्या पोराला सांगावं लागतं.

बोल्ट मात्र नवीनच घ्या. भंगारातल्या कॅरिअरसोबत आलेले गंजके बोल्ट परत वापरायचे नाहीत. दुकानात ‘हाय टेन्साइल’ म्हणून मागा आणि डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला आहे का बघा. त्याच जाडीच्या साध्या बोल्टच्या अडीच पट ताण तो कायमचा न ताणता सहन करतो, आणि भावातला फरक चहाच्या एखाद-दुसऱ्या फेरीएवढा. खांबांना १० एमएम, कॅरिअर चौकटीवर धरायला ८ एमएम पुरे. दहाच्या बोल्टला १७ नंबरचा पाना लागतो, आठच्याला १३ चा. दोन्ही गाडीत ठेवा. नट नायलॉकचा, म्हणजे आत प्लॅस्टिकची रिंग असलेला घ्या. तो थरथरीने सैल होत नाही. पण एकदा काढला की त्याची पकड कमी होते, म्हणून परत लावताना नवीन.

लोखंडावर लोखंड टेकतं तिथं रबर हवं. पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबचे तुकडे सहज मिळतात, दुहेरी घडी करून ठेवले की आवाज थांबतो. ऊन खाऊन ते कडक होतात, वर्षाला बदलायचे.

रंगाच्या बाबतीत घाई सगळ्यांनाच असते. तारेच्या ब्रशने गंज उतरवून, पॉलिश पेपर मारून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या. पावसाळी हवेत मोकळं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी पुन्हा तांबूस झालेलं असतं. ते वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात.

आणि केबिनच्या छताला भोक पाडायची वेळ आलीच तर एक गोष्ट विसरू नका. बोल्टखाली आतून नुसता वॉशर पुरत नाही, तळहाताएवढी पट्टी लावा म्हणजे वजन पसरेल. भोकाच्या कडेला उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि मग सीलंट. तरीही तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात गळती सुरू व्हायची शक्यता राहतेच.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच कलमात ‘बदल’ याचा अर्थ दिलाय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. बोल्टने बसवलेलं, काढता येणारं कॅरिअर त्यात येतं का यावर रस्त्यात वाद घालण्यापेक्षा काम सुरू करायच्या आधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा आणि मिळालं तर लेखी घ्या. कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्याहून मोठा आकडा कलम १९४ मध्ये आहे. माल गाडीच्या बाहेर बाजूला, पुढं, मागं किंवा परवानगीपेक्षा उंच गेला तर २०,००० रुपये, वर माल उतरवून घ्यायचा खर्च तुमचा. प्रत्यक्ष जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्यागणिक वेगळी असते. पण ‘मागं लाल फडकं बांधलंय’ म्हणून चार फूट पाइप बाहेर काढून न्यायचे, ही समजूत आता सोडायला हवी. अंधारात मागून येणाऱ्याला ते फडकं दिसत नाही आणि पाइपचं टोक बरोबर हेल्मेटच्या काचेच्या उंचीवर असतं.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तिथं कॅरिअरवर आक्षेप आला तर वेल्डिंग केलेलं कापावं लागेल, बोल्टचं अर्ध्या तासात उतरेल. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

बसवल्यावर

सगळे नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना न लावताच कळतं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळा, कारण रबर आणि रंग दबतात. नंतर पंधरा दिवसांतून एकदा नजर टाकली तरी पुरते.

दोरीचंही बघायला हवं. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि भिजली की अजून ढिली पडते. काथ्याची भिजल्यावर आवळते आणि वाळल्यावर सैल होते. रॅचेटचा पट्टा महाग वाटतो, पण लांब मालाला दोन पट्टे आडवे आणि एक पुढून, एवढं हवंच. वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून एकदा हात लावून बघा.

गाडीची नवीन उंची मोजून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा, मालासकट. सोसायटीच्या आणि मॉलच्या पार्किंगला दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो आणि हात सवयीने आत वळवतात. हौदा रिकामा आणि सगळा माल वर, असं तर करूच नका. वजन उंचावर गेलं की घाटातल्या वळणावर गाडी कलंडायला सोपी होते. जड खाली, लांब आणि हलकं वर.

रिकाम्या कॅरिअरला वेगात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पुढच्या आडव्या पाइपला जाड दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळा. पाइपमागे वाऱ्याचे एकसारखे भोवरे तयार होतात म्हणून तो आवाज येतो, दोरीच्या उंचवट्याने ते मोडतात. हवेचा अडथळा मात्र राहतोच आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४० च्या जागी ८० ने गेलात तर चौपट. सीझन संपला, दोन-तीन महिने कॅरिअरचं काम नाही, असं असेल तर १३ आणि १७ चा पाना काढा, चौकट उतरवून शेडमध्ये ठेवा. डिझेलही वाचेल आणि गंजही कमी चढेल.